बुडबुड्यांविना ओझोन

फ्रान्समधल्या नीस शहरात १९०६पासून पिण्याचं पाणी ओझोननं निर्जंतुक होऊ लागलं. रूढ रीत अशी, की खोल टाकीच्या तळातून वायूचे बुडबुडे सोडायचे. नव्या रीतीत टेफ्लॉनसारख्या पदार्थाचे केसासारखे पोकळ तंतू वापरतात. आत वायू, बाहेर पाणी. तंतूच्या सूक्ष्म छिद्रांत पाणी शिरत नाही, ओझोन मात्र पलीकडे जाऊन विरघळतो. साधं प्लास्टिक इथे टिकत नाही, ओझोन ते खातो. मला मोलाचं वाटतं ते हे, की ओझोन जागोजागी थोडाथोडा देता येतो. कारण पाण्यात ब्रोमाइड असेल आणि ओझोन एकदम जास्त झाला, तर त्या ब्रोमाइडपासून बनणारं ब्रोमेट हे रसायन वाढतं. त्यातून कर्करोगाचा धोका संभवतो. जागतिक आरोग्य संघटनेनं ब्रोमेटची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम ठरवली आहे.