ग्रंथाच्या संगणकप्रती : एक निवेदन
(वार्षिक संमेलनातील भाषण)



कुलवृत्तांताची दुसरी आवृत्ती काढण्याचा ठराव आपण आताच संमत केला. त्यासंबंधी चार शब्द बोलावे, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर; संगणकशास्त्र हा माझा विषय नव्हे. परंतु निवृत्तीनंतर मुद्रितशोधनाच्या निमित्ताने अक्षरजुळणी करणाऱ्यांशेजारी बराच काळ बसलो आहे.

पहिल्या आवृत्तीत एका घराण्यातील कन्येचे नाव गळले, हे आपणांस ठाऊकच आहे. दुसऱ्या मुद्रितात ते घातले होते. तिच्या पित्याने पाहून सहीही केली होती. मग छापताना गेले कोठे? छापखान्याचे नाव घेत नाही. पण तेथे त्या एकाच प्रकरणाच्या ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ व ‘फायनल खरी’ अशा तीन फाइली होत्या, आणि छपाईस भलतीच गेली.

खिळ्यांच्या काळी जुळवलेले पान एकच असे; खिळा बदलला की जुना पाठ नाहीसा होई. संगणकात जुना पाठ मरत नाही. सोय तीच व संकटही तेच.

इनडिझाइन या प्रणालीत ‘बुक’ नावाची सोय आहे. प्रत्येक प्रकरणाची फाइल वेगळी ठेवून त्या सर्व एका सूत्रात ओवता येतात. पृष्ठांक सलग चालतात, आणि दोघांना दोन प्रकरणांवर एकाच वेळी काम करता येते. मात्र येथे एक खाच आहे. हे सूत्र प्रकरणाची फाइल नावाने ओळखते. कोणी ‘सेव्ह ॲज’ करून नव्या नावाने दुरुस्त्या केल्या, तरी बुक जुन्याच फाइलीला धरून राहते, व संपूर्ण ग्रंथ काढताना जुनेच प्रकरण बाहेर पडते! म्हणून चालू फाइलीचे नाव कदापि बदलू नये. काम आरंभण्यापूर्वी तिची एक प्रत काढून, नावात २०२५-०३-०७ याप्रमाणे वर्ष, महिना, दिवस घालून, ती ‘जुन्या प्रती’ या वेगळ्या कप्प्यात ठेवावी. वर्ष आधी लिहिल्याने प्रती आपोआप कालक्रमाने लागतात.

मुद्रिताच्या तळाशी फाइलीचे नाव व शेवटच्या बदलाची तारीख आपोआप उमटविण्याची सोयही या प्रणालीत आहे. सही करणाऱ्याने ती तारीख वाचूनच सही करावी, आणि सही झालेल्या मुद्रिताची पीडीएफ प्रत समितीने स्वतःपाशी ठेवावी.

नव्या इनडिझाइनमध्ये जतन केलेली फाइल जुन्यात थेट उघडत नाही. तिची आयडीएमएल प्रत दिल्यास २००८ च्या सीएस४ पासून पुढील आवृत्त्यांत ती उघडते. पण मांडणी हलली नाही ना, हे पान न् पान पाहावे लागते. छापखाने दोन असतील तर हे आधीच ठरवावे.

राहता राहिली पहिली आवृत्ती. ती पेजमेकरमध्ये जुळविलेली आहे. त्या प्रणालीची शेवटची, सातवी, आवृत्ती २००१ साली निघाली. शिवाय आपला मजकूर युनिकोडपूर्व फाँटमधील आहे. तो फाँट नसेल तेथे आपल्या पूर्वजांच्या नावांऐवजी रोमन अक्षरांची निरर्थक रांग दिसते. तेव्हा तो जुना संगणक चालू आहे तोवर फाँट व छायाचित्रांसह सर्व फाइली उतरवून घ्याव्या, आणि मजकूर युनिकोडमध्ये आणून मूळ छापील ग्रंथाशी ताडून पाहावा. ताडण्याचे काम मी पत्करतो. वाचून दाखविण्यास एक तरुण सोबती मात्र हवा.