पाळणा हलत नाही तेव्हा



'जालना, सोने का पालना' ही म्हण आपण अभिमानाने सांगतो. आज आम्ही बोलणार आहोत ते ज्या घरांत पाळणा हलत नाही त्या घरांविषयी, आणि त्यातही तेथल्या पुरुषाविषयी. आम्ही डॉक्टर नाही. शाळा आठवीत सुटली. पुढचे शिक्षण कामगारांत आणि वाचनालयात झाले. व्यासपीठावर असे विषय काढू नयेत, असे कोणी म्हणेल. पण र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवून, खटले सोसून, याहून अवघड गोष्टी मराठीत स्वच्छपणे सांगितल्या. मग आपण आज का लाजावे?

प्रथम आमचा स्वतःचा अपराध सांगतो. १९९८ साली रोलिंग मिलमधल्या आमच्या एका सोबत्याने, मूल होत नाही म्हणून बायकोला माहेरी धाडले. पंच बसले, काडीमोड झाली, दुसरे लग्न ठरले. त्या लग्नात आम्हीही अक्षता टाकल्या. सहा वर्षे गेली, दुसरीचीही कूस उजवली नाही. तेव्हा कुठे एका डॉक्टरांनी सोबत्याला तपासले. दोष त्याच्यात होता. पहिली बाई मात्र 'वांझ' हा शिक्का घेऊन भावाच्या दारी राबत होती. सभेत समतेवर भाषणे करणाऱ्या आम्हांला एक साधा प्रश्न सुचला नव्हता : "अरे, तू स्वतःला तपासून घेतलेस का?"

मंडळी, हे बियाण्यांचे गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली येथेच महिकोची स्थापना केली. आपला शेतकरी पेरणीआधी मूठभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण पाहतो. बी उगवले नाही तर रानाला दोष देण्याआधी पिशवी तपासतो. घरात मात्र सारा दोष रानाचा! वस्तुतः मूल न होणाऱ्या सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारण असते. कधी एकटे, कधी स्त्रीकडील कारणाच्या जोडीने.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. शुक्रजंतू कमी असणे म्हणजे नामर्दपणा नव्हे. धडधाकट, संसार नीट चालणाऱ्या माणसातही हा दोष असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. कारणे अनेक : अंडकोशातील शिरा फुगणे, मोठेपणी झालेले गालगुंड, जंतुसंसर्ग, तंबाखू, दारू, शरीर कमावण्यासाठी टोचलेली संप्रेरके.

आणि उष्णता. निसर्गाने वृषणे शरीराबाहेर ठेवली, कारण त्यांना अंगाच्या उष्णतेपेक्षा दोन-तीन अंश गारवा लागतो. आमचे सोबती तापलेल्या भट्टीसमोर आठ-आठ, बारा-बारा तास उभे राहतात. भट्टीवरचा प्रत्येक माणूस निपुत्रिक होतो असे मुळीच नाही. पण सततच्या धगीने शुक्रजंतू घटू शकतात, हे त्याला कोणी सांगत नाही.

कामगारांनी विचारले तर काय होते, ते ऐका. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील लॅथ्रॉप या गावी शेतीचे जंतुनाशक बनवणारे कामगार आपसांत बोलता बोलता थबकले : आपल्यापैकी कोणालाच मूल का होत नाही? त्यांनी युनियनच्या मदतीने तपासणीचा आग्रह धरला. १९७७ साली निष्कर्ष आले; कित्येकांत शुक्रजंतू फार थोडे, काहींत शून्य. डी.बी.सी.पी. हे ते रसायन. त्याने उंदरांची वृषणे खंगतात, हे १९६१ सालीच छापून आले होते. कामगारांपर्यंत मात्र पोहोचले नव्हते. काहींची शक्ती परत आली, काहींची कायमची गेली. ते लाजून गप्प बसले असते, तर आणखी किती घरे बसली असती!

तेव्हा करायचे काय? वर्षभर वाट पाहूनही दिवस राहिले नाहीत, तर दोघांनी बरोबर डॉक्टरांकडे जावे. पुरुषाची पहिली तपासणी सोपी असते : दोन ते सात दिवस संयम पाळून वीर्याचा नमुना द्यायचा. दोष दिसला तर पुन्हा एकदा तपासायचा. शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात, म्हणून व्यसन सोडल्याचा किंवा धगीतून बाजूला झाल्याचा गुण तीनेक महिन्यांनी पाहावा. काही दोष औषधाने वा शस्त्रक्रियेने सुधारतात. १९९२ पासून तर एकच शुक्रजंतू बीजात सोडून गर्भ धरवण्याची रीत उपलब्ध झाली आहे. ती खर्चाची आहे आणि दर वेळी यश येतेच असे नाही. भिंतींवरच्या जाहिरातींतील तेले आणि चूर्णे मात्र फक्त खिसा हलका करतात. दत्तक मूलही आपलेच मूल असते.

आमच्या मागणीपत्रात बोनस आणि पाळी यांच्या बरोबरीने भट्टीपुढे आडपडदा, वारा, विसावा आणि पाळीपाळीने काम ही कलमे आलीच पाहिजेत. पण एक मागणी मालकाकडे नाही, आपल्याच घराकडे आहे. सुनेला देवदेव करायला पाठवण्याआधी मुलाला तपासणीला पाठवा.

ती पहिली बाई आज हयात नाही. तिची क्षमा मागायला आम्हांला उशीर झाला. आपल्याला तसा उशीर होऊ नये, एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.