गोठलेल्या सरोवरावरील पादत्राणें



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कांहींना नवल वाटेल. ज्यांचा हिंवाळा एका शालीवर निभावतो, त्यांनीं बर्फावर बसून मासे धरणाऱ्यांच्या बुटांची चर्चा कशाला करावी? परंतु पुण्यामुंबईच्या पुष्कळ घरांतील मुलेंमुली आज अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यांत किंवा कॅनडांतील ओन्टारिओ प्रांतांत संसार थाटून राहिलीं आहेत. तेथील शेजारी जानेवारींत मोठ्या आग्रहानें सरोवरावर नेतात, आणि भेटीस गेलेले आईवडीलहि कधीं कधीं त्या मंडळींत असतात. मासा मिळो वा न मिळो, पायांत काय घालावें हें आधीं ठाऊक असलें पाहिजे. कारण येथील हयगय पायाच्या बोटांवर बेतते.

प्रथम हा उद्योग चालतो कसा, तें सांगतों. मिनेसोटांतील मिल लॅक्ससारखें विस्तीर्ण सरोवर हिंवाळ्यांत गोठून जातें. निर्मळ, घट्ट बर्फाचा थर निदान ४ इंच झाल्याखेरीज त्यावर पाऊल टाकूं नये, असा तेथील सरकारी खात्याचा सल्ला आहे. मग लोक सामानाची घसरगाडी ओढीत किनाऱ्यापासून दूर जातात, मोठ्या गिरमिटानें बर्फाला वीतभर रुंद भोंक पाडतात, आणि त्यांत गळ सोडून तासन् तास बसतात. आधीं घाम काढणारी चाल, मागाहून निश्चल बैठक. या दोहोंच्या सांध्यावरच पायाचा घात होतो.

याचें दारुण उदाहरण इतिहासांत आहे. १९५० च्या नोव्हेंबर-डिसेंबरांत कोरियांतील चोसिन जलाशयाजवळ अमेरिकन सैन्य लढत होतें. रात्रीं तपमान शून्याखालीं ३० अंश सेल्सिअसच्या आसपास उतरे. पुष्कळ सैनिकांच्या पायांत खालीं रबर व वर कातडें असे बूट होते. बाहेरचें पाणी आंत शिरूं नये म्हणून रबर. पण तेंच रबर आंतला घाम बाहेर जाऊं देईना. चढ चढतांना मोजे भिजत, आणि पहाऱ्यास उभें राहतांच तो घाम गोठे. हजारों सैनिक हिमदंशानें जायबंदी झाले. पुढें त्या सैन्याला जे नवे बूट मिळाले, त्यांत लोंकर रबराच्या दोन पडद्यांमध्यें कायमची बंदिस्त केलेली होती. पाय घामानें भिजला तरी ओल लोंकरीपर्यंत पोंचतच नसे. त्या फुगीर बुटांना सैनिकांनीं ‘मिकी माउस बूट’ असें नांव ठेवलें. ते घालून बर्फावर बसणारे शौकीन आजहि आढळतात.

लोंकर स्वतः ऊब निर्माण करीत नाहीं. ती हवा अडवून धरते, इतकेंच. ती हवा दाबली गेली, किंवा तिची जागा पाण्यानें घेतली, कीं संरक्षण संपलें. पाण्यांतून उष्णता हवेपेक्षां सुमारें २५ पट सहज निसटते.

म्हणून बुटांत प्रथम पाहावयाची ती जागा. आपल्याकडे जोडा पायाला चोख बसला म्हणजे दुकानदारहि खूष आणि गिऱ्हाईकहि खूष. येथें तो नियम उलटा समजावा. सरोवरावर जो जाड लोंकरी मोजा घालावयाचा, तोच घालून संध्याकाळीं, पाय थोडे सुजलेले असतांना, दुकानांत जावें आणि बुटाच्या आंत पांचहि बोटें हालवून पाहावीं. तीं मोकळीं हालत नसतील तर एक माप मोठें घ्यावें. घट्ट बुटांत दुसरा मोजा कोंबल्यानें रक्ताचा प्रवाह आवळतो आणि पाय अधिकच गार पडतो. सुती मोजा तर घरींच ठेवावा.

दुसरी गोष्ट, आंतलें अस्तर सुटें असावें. तें बहुधा नमद्याचें, म्हणजे आपल्या बुरणुसासारख्या दाबून केलेल्या लोंकरीचें असतें. उत्तर नॉर्वेंतील सामी लोकांना हें तत्त्व फार पूर्वींपासून अवगत होतें. रेनडिअरच्या कातड्याच्या बुटांत ते एक प्रकारचें वाळलेलें गवत भरीत. दिवसभर तें ओल शोषून घेई, आणि रात्रीं काढून वाळवतां येई. १९११ सालीं दक्षिण ध्रुव गांठणाऱ्या आमुंडसेनच्या तुकडीनेंहि या गवताचा उपयोग केला. रशियांतील नमद्याचे ‘वालेंकी’ बूट कोरड्या थंडींत तसेच गुणी. परंतु पाणी लागलें कीं ते निकामी, म्हणून त्यांवर रबरी आवरण चढवितात.

सरोवरावर पाणी असतेंच. हिमाच्या भारानें बर्फ दबलें, कीं भोंकांतून आणि चिरांतून पाणी वर येतें व हिमाखालीं न दिसणारा चिखल साचतो. यास्तव घोट्यापर्यंतचा भाग अखंड रबराचा हवा, आणि कातडें व रबर यांच्या जोडावरची शिवण बारकाईनें पाहावी. मेन राज्यांतील लिऑन बीन या व्यापाऱ्यानें १९१२ सालीं असे बूट विकावयास काढले, तेव्हां पहिल्या १०० जोड्यांपैकीं ९० शिवण उसवून परत आले. त्यानें सर्वांचे पैसे परत दिले, ही गोष्ट मोठी प्रसिद्ध आहे.

आपल्याकडे तळपायाची आग मस्तकाला जाते. तेथें तळपायाचा गारठा जातो! बैठकींत खरी थंडी खालून येते. यासाठीं तळ जाड, आणि त्यावर नमद्याचा जाड सुखतळा पाहिजे. शिवाय पायांखालीं लांकडी फळी किंवा रबराचा जाड तुकडा टाकावा. माझ्या मतें हा फुकटाचा उपाय महागड्या बुटाइतकाच मोलाचा आहे. खोक्यावर ‘उणें ४० अंश’ असें छापलेलें असतें, त्यावर फार विसंबूं नये. सर्व कारखान्यांची कसोटी एकच नसते, आणि पुष्कळदां तो आंकडा चालत्या माणसासाठीं असतो, बसलेल्यासाठीं नव्हे. बर्फावर घसरूं नये म्हणून तळाला बांधावयाचे लोखंडी खिळेदार पट्टे वेगळे मिळतात. वडील मंडळींनीं ते अवश्य घ्यावे.

इतकें करूनहि बोटें बधिर व पांढुरकीं झालीं, तर खेळ तेथेंच थांबवून ऊबदार घरांत जावें. बोटें बर्फानें किंवा हातानें चोळूं नयेत. कढतहि नव्हे, अशा ३७ ते ३९ अंश सेल्सिअसच्या पाण्यांत तीं बुडवावीं, आणि डॉक्टरला दाखवावीं. मात्र पुन्हां थंडींत जाणें अटळ असेल तर तीं मध्येंच ऊब देऊन विरघळवूं नयेत, कारण दुसऱ्यांदा गोठणें अधिक घातक.

घरीं परततांच अस्तर व सुखतळा बाहेर काढून रात्रभर मोकळ्या हवेंत वाळत घालावीं. शेगडीच्या अगदीं जवळ नकोत. तेथें नमदा आटतो. सकाळीं बुटांत हात घालून चवड्यापर्यंत चांचपून पाहावें. किंचित् ओल लागली, तर त्या दिवशीं दुसरें अस्तर घालावें.