चंद्राची एक महिन्याची वही



चंद्र कोठे आणि केव्हा उगवतो, असे कोणी विचारले तर आपण चटकन म्हणतो, "पूर्वेला, संध्याकाळी." वेळेपुरते हे उत्तर महिन्यात एखाद्याच दिवशी, पौर्णिमेच्या सुमारास, खरे असते. एरवी चंद्र सकाळी उगवतो, भर दुपारी उगवतो, मध्यरात्री उगवतो, पहाटेही उगवतो. पुस्तकात हे सगळे असते. मुले ते पाठही करतात. पण पुस्तकातले वाक्य आणि डोक्यावरचे आकाश यांची गाठ पडत नाही. ती घालायला दुर्बीण लागत नाही. एक वही, एक घड्याळ, घरातले पंचांग आणि महिनाभर नेट, एवढे पुरे.

आरंभ अमावास्येनंतर करावा. रोज एकाच जागी उभे राहावे. गावचा पार, शाळेचे अंगण, खळे, कोठेही चालेल. देवळाचा कळस, एखादा वड, डोंगराची सोंड अशा खुणा ठरवून ठेवाव्यात. वहीत तारीख, तिथी, वेळ, चंद्र कोणत्या खुणेवर आहे आणि त्याचा आकार कसा आहे, हे लिहावे. उंची मोजायला हात लांब करून मूठ धरावी. ती मूठ आकाशाचे सुमारे 10 अंश झाकते.

द्वितीयेला सूर्य मावळल्यावर पश्चिमेला बारीक कोर दिसेल आणि थोड्याच वेळात मावळेल. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पाहा. कोर जाड झालेली असेल आणि मूठभराहून थोडी अधिक वर, पूर्वेकडे सरकलेली असेल. अष्टमीला संध्याकाळी अर्धा चंद्र जवळजवळ माथ्याकडे येतो आणि पौर्णिमेला सूर्य मावळता मावळता पूर्वेला उगवतो. म्हणून शुक्ल पक्षात चंद्रास्ताची वेळ टिपावी आणि कृष्ण पक्षात चंद्रोदयाची. मध्यरात्रीनंतरची नोंद मुलांकडून व्हायची नाही. रात्री राखणीला किंवा पिकाला पाणी द्यायला रानात जाणाऱ्या वडीलमंडळींनी ती आणून द्यावी. एका वहीत बाप आणि लेक दोघांचे अक्षर उमटले, तर त्यात शाळेचाही फायदाच आहे.

आता एक सोपा हिशेब. तिथीला 2 ने गुणा, तितक्या घटका येतील. एक घटका म्हणजे 24 मिनिटे. शुक्ल पक्षात सूर्यास्तानंतर तितक्या घटकांनी चंद्र मावळतो. कृष्ण पक्षात तितक्या घटकांनी उगवतो. संकष्टी घ्या. चार दुणे आठ घटका, म्हणजे 3 तास 12 मिनिटे. सूर्य सहाला मावळला असेल, तर चंद्रोदय सव्वानऊच्या आसपास. हा ठोकताळा आहे, बरे का. पंचांगाशी ताडून पाहिल्यास थोडा फरक निघेल, आणि खरे शिक्षण त्या फरकातच आहे.

कारण पाहा. चंद्र रोज ताऱ्यांमधून सुमारे 13 अंश पूर्वेकडे जातो आणि सूर्य सुमारे 1 अंश. म्हणजे दोघांतले अंतर रोज सुमारे 12 अंशांनी वाढते. पृथ्वीला 1 अंश वळायला 4 मिनिटे लागतात. 12 अंशांना 48. तेवढ्यात चंद्र आणखी किंचित सरकतो. म्हणून चंद्राला रोज सरासरी 50 मिनिटे उशीर होतो. पण त्याची चाल आणि वाट दोन्ही सारखी नसल्यामुळे हा उशीर कमीजास्त होतो. कोजागिरीच्या सुमारास तो कमी असतो. गावागावांतही फरक पडतो. नागपूर मुंबईच्या पूर्वेला असल्यामुळे तेथे संकष्टीचा चंद्र सुमारे 25 मिनिटे आधी उगवतो. म्हणून पंचांगातली वेळ कोणत्या गावची आहे, हे आधी पाहावे.

वहीत एक गंमतही सापडेल. कृष्ण अष्टमीच्या आसपास एखाद्या तारखेला चंद्रोदयच नसतो. काल चंद्र रात्री पावणेबाराच्या पुढे उगवला असेल, तर पुढचा उदय मध्यरात्र उलटून होतो आणि मधली तारीख कोरी राहते. मुलांना हे आधी सांगू नका. त्यांचे त्यांना सापडू द्या.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विशेष विनंती आहे. पृथ्वीच्या सावलीमुळे चंद्राच्या कला होतात, अशी समजूत अनेकांच्या मनात घट्ट बसलेली असते. ती रागावून जात नाही. कृष्ण अष्टमीच्या सकाळी मुलांना अंगणात न्या. पूर्वेला सूर्य आणि पश्चिमेकडे कललेला अर्धा चंद्र, दोन्ही एकदम दिसतील. चुना फासलेला मातीचा गोळा उन्हात चंद्राच्या दिशेने धरा. गोळ्याची उजळ बाजू आणि चंद्राची उजळ बाजू सारखीच दिसेल. मग विचारा, "पृथ्वीची सावली सूर्याच्या विरुद्ध बाजूला पडते. मग ती या चंद्रावर कशी येईल?" उत्तर मुलेच देतील. सावली चंद्रावर पडते ती पौर्णिमेला, आणि तीही ग्रहण असेल तेव्हाच.

कोकणातल्या श्रोत्यांना ही वही अधिक जवळची वाटेल. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती आणि अष्टमीच्या सुमारास भांगाची, हे त्यांना ठाऊक आहेच. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा अंदाज येतो, हा जुना हिशेबही त्यांच्या तोंडी असतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. रोजची भरती पुढे सरकते, ती या चंद्राच्याच मागोमाग.

महिना संपला की पाने मोजा. अमावास्येपासून अमावास्येपर्यंत साडेएकोणतीस दिवस भरतात, पण चंद्र त्याच नक्षत्रापाशी सव्वासत्तावीस दिवसांतच परत येतो. मधल्या काळात सूर्यही पुढे गेलेला असतो. त्याला गाठायला चंद्राला दोन दिवस जास्त लागतात.

23 ऑगस्ट 2023 रोजी, निज श्रावण शुद्ध सप्तमीला, आपले चांद्रयान-3 चंद्रावर उतरले. त्या जागी नुकतीच सकाळ झाली होती, आणि तेथला दिवस आपल्या सुमारे 14 दिवसांचा, म्हणजे जवळजवळ एका पक्षाएवढा असतो. यान पाठवणाऱ्यांनाही तिथी मोजावीच लागली. ज्या मुलाने आपल्या अंगणातून एक महिना चंद्र टिपला असेल, त्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. येत्या अमावास्येनंतर पहिली कोर दिसेल, त्या संध्याकाळी वहीचे पहिले पान लिहा.