चार तारांचा भाव

आमच्या अंबरपेठेत हल्ली संध्याकाळी गॅलऱ्यांतून युकुलेले ऐकू येतं. गिटारचं हे धाकटं भावंड, नायलॉनच्या चार तारांचं. दुकानात दीड-दोन हजारांपासून मिळतं. आणि होनोलुलूच्या ‘कामाका’ कारखान्यातलं अस्सल कोआ लाकडाचं घ्यायला गेलात, तर हजार डॉलरही पुरत नाहीत! मग खरा भाव कोणता?

१८७९ साली मदेरा बेटावरचे पोर्तुगीज मजूर ‘रेव्हन्सक्रॅग’ जहाजातून हवाईला उतरले. त्यांच्यातल्या तिघा सुतारकाम जाणणाऱ्यांनी गावाकडच्या वाद्यावरून हे नवं वाद्य घडवलं. १९१५च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर अमेरिकेला त्याचं वेड लागलं. १९४९ साली तर मारिओ माकाफेरी या कारागिरानं ते चक्क प्लास्टिकमध्ये ओतलं. किंमत सहा डॉलरला पाच सेंट कमी! लाखांनी खपलं. भाव पडला तो तिथे, साच्यात.

आमच्या मिरजेच्या तंबोऱ्याला ही सोय नाही. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा शेतात वाढायचा, वाळायचा, मग कारागिराच्या हाताखाली यायचा. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पण भोपळा काही त्यामुळे लवकर वाळत नाही.

करानंही दोघांत भेद केला. २०१७ला जीएसटी आला तेव्हा हातानं घडवलेली देशी वाद्यं करमुक्त राहिली, बाकीच्यांवर २८ टक्के. त्याच नोव्हेंबरात ते १८वर आले. दुकानदारानं भाव तेवढाच उतरवला का, हे त्यालाच विचारा. मी विचारलं, तर म्हणाला, “साब, डॉलर भी तो चढता!” तेही खरंच. माल बहुतेक चीनचा.

तेव्हा घासाघीस करण्याआधी वाद्य हातात घ्या. आधी मोकळी तार छेडा, मग तीच बाराव्या पडद्यावर दाबून छेडा. तोच स्वर वरच्या सप्तकात आला पाहिजे. बेसूर आला, तर पाचशे रुपये सोडले तरी घेऊ नका. खुंट्या फिरवून बघा. सैल असतील तर सूर टिकणार नाही. नव्या तारा मात्र आठवडाभर उतरतच राहतात, तेवढ्यासाठी दुकानदाराशी भांडू नका. आणि घाई नसेल, तर परीक्षांच्या दिवसांपर्यंत थांबा. पोरांची हौस फिटलेली असते, अर्ध्या किमतीत जवळजवळ नवं वाद्य शेजारच्याच इमारतीत मिळून जातं.