सुखाची बैठक आणि रस्त्यावरची पकड

(तंत्रशिक्षण देणाऱ्या निदेशकांच्या उजळणी वर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयाबद्दल आपल्यापैकी काहींच्या मनात शंका येणे साहजिक आहे. जिच्या किमतीत एखाद्या खेड्यातील शाळेला नव्या खोल्या बांधून होतील, अशा मोटारीचा विचार आपण कशासाठी करावा? माझे उत्तर असे की, अभियंत्यापुढील एक जुना पेच या मोटारीत अगदी उघडा दिसतो. प्रवाशाला धक्का लागू नये यासाठी स्प्रिंग मऊ हवी. पण स्प्रिंग मऊ केली की वळणावर गाडी कलंडू पाहते आणि चाकाची पकड सुटते. स्प्रिंग ताठ केली तर पकड येते, परंतु प्रवाशाची हाडे खिळखिळी होतात. ज्या मोटारीने दिवाणखान्याची शांतता आणि शर्यतीच्या गाडीचा वेग ही दोन्ही वचने एकदम द्यायची, तिला या पेचातून पळवाट नसते. यासाठी मी इंग्लंडमधील जाग्वार मोटारींचे उदाहरण घेणार आहे.

या मोटारींचे जनक विल्यम लायन्स यांनी १९२२ मध्ये ब्लॅकपूल येथे एका भागीदारासह मोटारसायकलच्या बाजूगाड्या बनविण्याचा छोटा धंदा काढला. पुढे हा उद्योग कॉव्हेंट्रीस गेला आणि १९३५ मध्ये जाग्वार हे नाव प्रथम मोटारीवर आले. आकृतीबाबत लायन्स यांची नजर मोठी विलक्षण होती. कागदावरील रेखांकनावर विसंबून न राहता ते पूर्ण आकाराचा नमुना तयार करवून घेत आणि तो उघड्यावर, पुष्कळदा आपल्या घराच्या आवारात, ठेवून दिवसाच्या उजेडात निरखीत. कारागिरांना एखादी रेषा किंचित खाली, एखादी किंचित मागे घ्यावयास सांगत. डोळा हेही मोजमापाचे साधन आहे, हे आपल्या विद्यार्थ्यांना आपण फारसे सांगत नाही.

मात्र नुसत्या डौलाने मोटार चालत नाही. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बवर्षावाच्या काळी कारखान्यावर रात्रीचा आगपहारा असे. त्या पहाऱ्याच्या रात्री लायन्स, विल्यम हेन्स, वॉल्टर हॅसन आणि क्लॉड बेली यांनी युद्धानंतरच्या एंजिनाचा विचार पक्का केला. सहा सिलिंडर, सात मुख्य बेअरिंगे, ॲल्युमिनियमचे हेड आणि वर दोन कॅमशाफ्ट अशी त्याची रचना होती. १९४८ मध्ये ते लोकांपुढे आले आणि निरनिराळ्या आकारमानांत १९९२ पर्यंत निघत राहिले. शहरावर आग बरसत असताना चाळीस वर्षांहून अधिक टिकणाऱ्या वस्तूचा आराखडा आखणे, ही गोष्ट मला त्या एंजिनाच्या अश्वशक्तीपेक्षाही मोठी वाटते.

वेग वाढला की ब्रेकचा प्रश्न येतोच. घाट उतरताना ब्रेक तापून ढिले पडतात, हे आपल्या एस.टी.च्या चालकाला समजावून सांगावे लागत नाही. बंद ड्रममध्ये उष्णता कोंडते, ड्रम प्रसरण पावतो आणि पाय कितीही दाबला तरी पकड कमी होते. डनलॉप कंपनी व जाग्वार यांनी यावर उघड्या चकतीचा उपाय सिद्धीस नेला. चाकाबरोबर फिरणारी चकती दोन्ही बाजूंनी चिमटीत धरावयाची. वारा लागून ती निवत राहते. १९५३ मध्ये ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जाग्वारने याच ब्रेकच्या बळावर ताशी १०० मैलांहून अधिक सरासरी वेगाने जिंकली. १९५९ च्या ‘मार्क २’ या चार दरवाजांच्या मोटारीला चारही चाकांस असे ब्रेक मिळाले. तिचा सर्वांत मोठा, ३.८ लिटरचा नमुना ताशी सुमारे २०० किलोमीटर वेग गाठी. इंग्लंडमध्ये पोलीस आणि बँकांवर दरोडे घालणारे, दोघेही हीच मोटार पसंत करीत! आज हे चकतीचे ब्रेक आपल्याकडील अगदी साध्या मोटारीच्याही पुढच्या चाकांस असतात. शर्यतीवर झालेला सारा खर्च वाया जात नाही, तो असा.

आता मूळ पेचाकडे वळू. १९६८ च्या सप्टेंबरात ‘एक्सजे ६’ ही मोटार निघाली. तिच्या शांतपणाचे श्रेय बॉब नाइट या अभियंत्याकडे जाते. बैलगाडीच्या आसाला स्प्रिंग नसते. चाक खड्ड्यात गेले की सारी गाडी आदळते. मोटारीत स्प्रिंगच्या वर आणि स्प्रिंगच्या खाली असे वजनाचे दोन भाग पडतात. खालचा भाग जितका हलका, तितके चाक रस्त्याला चिकटून राहते आणि वरच्या प्रवाशाला त्याची वार्ता कमी लागते. म्हणून मागच्या ब्रेकच्या चकत्या चाकांतून काढून मध्यभागी, डिफरन्शियलला लागून बसविल्या होत्या. चाके एकमेकांपासून स्वतंत्र हलत. ही सर्व यंत्रणा पोलादी पिंजऱ्यात बसवून तो पिंजरा रबराच्या ठोकळ्यांवर मोटारीस जोडलेला असे. रबरही कोणते तरी चालत नाही. एका दिशेस मऊ आणि दुसऱ्या दिशेस ताठ, असे ते घडवावे लागते. मऊपणाने आवाज गिळायचा आणि ताठपणाने चाकाची दिशा राखायची. पुढच्या चाकांची मांडणी अशी केली होती की, जोराने ब्रेक लावला असता गाडीने नाक खाली घालू नये. टायरदेखील डनलॉपने या मोटारीसाठी मुद्दाम तयार केले. मऊ स्प्रिंगवर बसूनही पकड न सोडणारी मोटार अशी साधली.

अर्थात या सुखाची किंमत दुरुस्ती करणाऱ्याने मोजली. मध्यभागी बसविलेल्या ब्रेकची उष्णता डिफरन्शियलच्या तेलाच्या सीलना बाधे आणि चकती बदलावयाची तर बहुधा सारा पिंजराच खाली उतरवावा लागे. आराखडा करणाऱ्याने गॅरेजमधील माणसाचा विचार कमी केला, असे माझे मत आहे.

पुढील काळ अधिक दुःखाचा आहे. १९७५ मध्ये मूळ संस्था ब्रिटिश लेलँड सरकारी मालकीखाली आली. संप, भांडवलाची ओढाताण आणि जोडणीतील हयगय यांमुळे त्याच उत्तम आराखड्याच्या मोटारी रंग, वायरिंग आणि गंज यांच्या तक्रारींनी बदनाम झाल्या. आराखड्यातील रेषा बदलली नव्हती. बदलला होता तो ती उतरविणारा हात आणि त्यावरील देखरेख. १९८४ मध्ये जाग्वार पुन्हा स्वतंत्र झाली, १९८९ मध्ये फोर्डकडे गेली आणि २००८ मध्ये लँड रोव्हरसह २.३ अब्ज डॉलर किमतीस टाटा मोटर्सने ती विकत घेतली.

त्यापूर्वीच, २००३ मध्ये विक्रीस आलेल्या एक्सजे मोटारीचा संपूर्ण सांगाडा ॲल्युमिनियमचा झाला होता. तो आधीच्या पोलादी सांगाड्यापेक्षा सुमारे ४० टक्के हलका असूनही अधिक ताठ होता. विमानाप्रमाणे तो वितळजोडणीऐवजी मुख्यतः रिव्हेट आणि चिकटद्रव्य यांनी सांधलेला होता. एका सांगाड्यात तीन हजारांहून अधिक रिव्हेट होते. आपल्या धंद्याशी याचा संबंध थेट आहे. हातोडा आणि गॅसची टाकी एवढ्यावर शिकलेला डेंटिंगचा कारागीर या पत्र्यापुढे अडून बसेल. ॲल्युमिनियम तापताना पोलादासारखे लाल होऊन इशारा देत नाही. ते एकाएकी बसते. पोलादाचा कीस त्यावर राहिला तर ओल लागताच तेथे गंजण सुरू होते. म्हणून त्याची हत्यारे वेगळी ठेवतात आणि शक्य तेथे खोलीही वेगळी असते.

२०११ मध्ये पुण्याजवळ चिखली येथे लँड रोव्हरच्या मोटारींची जोडणी सुरू झाली आणि २०१३ मध्ये तेथे जाग्वारची एक्सएफ ही सेडानही जोडली जाऊ लागली. इंग्लंडहून आलेले सुटे भाग जोडणे म्हणजे आराखडा करणे नव्हे, हा आक्षेप खरा आहे. तथापि कोणता बोल्ट किती आवळावयाचा, फट किती मिलिमीटर राखावयाची आणि चूक आढळल्यास गाडी पुढे जाऊ द्यावयाची नाही, ही शिस्त मराठी मुलांच्या अंगवळणी पडली, हे मी कमी लेखणार नाही. जाग्वारच्या या पेट्रोल-डिझेल सेडान मोटारींचे इंग्लंडमधील उत्पादन २०२४ मध्ये थांबले. यापुढील जाग्वार विजेवर चालणाऱ्या असतील असे कंपनीने २०२१ मध्येच जाहीर केले होते. तेथे एंजिनाच्या आवाजाचा प्रश्न मिटतो, पण बॅटरीचे ओझे वाढते. स्प्रिंग मऊ हवी की ताठ, हा पेच आहे तेथेच राहतो.

शेजारच्या कार्यशाळेत एका जुन्या मोटारीची मागची चाकजोडणी खोलून मांडली आहे. रबराचे ठोकळे हाताने दाबून पाहा, दोन्ही दिशांनी. आपले प्रश्न आपण तेथेच घेऊ.