सीरमच्या बाटलीची मागची बाजू

मृत त्वचा काढून चेहरा उजळवणारं सीरम आता तालुक्याच्या दुकानातही मिळतं. बाटलीची पुढची बाजू जाहिरातीची. आपण मागची वाचू.

घटकांची यादी जास्त प्रमाणाच्या घटकापासून सुरू होते. त्यात ग्लायकोलिक, लॅक्टिक, सॅलिसिलिक ही नावं दिसली, की ती आम्लं समजायची. ग्लायकोलिक उसात असतं, लॅक्टिक दह्यात. पण म्हणून बाटलीतलं सौम्य असतंच असं नाही. जोर टक्क्यांवर ठरतो. घरी वापरायला ग्लायकोलिक १० टक्क्यांच्या वर नको. ५ पासून सुरुवात बरी. टक्केवारी, कंपनीचा पत्ता, मुदत लिहिलेली नसेल, तर बाटली परत ठेवू.

खरी गोष्ट उन्हाची. आम्ल लावलेली त्वचा उन्हात लवकर भाजते, लावणं थांबवल्यावरही आठवडाभर. डाग घालवायला जावं, तर डाग वाढतात. म्हणून खुरपणी-कापणीच्या दिवसांत आपण ते लावायचंच नाही. एरवी लावलं तर रात्री, आठवड्यातून एकदा-दोनदा. दिवसा सनस्क्रीन आणि डोक्यावर पदर.

आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दोन दिवस पाहू. आग झाली, तर धुऊन टाकू.

पुढच्या बैठकीला आपापली बाटली आणू, मिळून वाचू.